स्क्रू जागेवर आहेत, पण हाड जुळलं का? फ्युजननंतर कसं ओळखायचं

फ्युजनचं, म्हणजे मणके एकमेकांना जोडायचं, ऑपरेशन झालं म्हणजे मणके जुळले असं धरून चालणारे खूप लोक भेटतात. मी जळगावात एक्स-रे, सीटीच्या कामाला आहे. चोपडा, यावल, रावेर, पाचोऱ्याकडचे पेशंट येतात, कधी पार नंदुरबारचे. ऑपरेशन कोणाचं नाशिकला झालेलं असतं, कोणाचं पुण्याला, कोणी सुरत नाहीतर इंदूर गाठलेलं, आणि फॉलोअपचे फोटो मात्र इथंच काढून सर्जनला व्हॉट्सॲपवर पाठवायचे असं ठरलेलं असतं. मग रिपोर्ट हातात पडला की सोबत आलेला मेव्हणा नाहीतर पुतण्या त्यातली एकच ओळ वाचतो, इम्प्लांट इन सिटू, आणि सगळ्यांना सांगून मोकळा होतो की जुळलं बरं का, काळजी नाही. अहो ती ओळ लोखंडाबद्दल आहे, हाडाबद्दल नाही. स्क्रू बसवले तिथंच आहेत एवढंच ती सांगते. हाड जुळलं का हा वेगळा प्रश्न, तो वेगळाच विचारावा लागतो आणि त्याचं उत्तर एका फोटोत सहसा मिळत नाही.

आधी ऑपरेशनमध्ये झालं काय ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. कंबरेत बहुतेक वेळा एल ४-एल ५ नाहीतर एल ५-एस १ हे जोड असतात (एल म्हणजे कंबरेचा मणका, एस म्हणजे त्याखालचं हाड, पुढे आकडा त्याचा नंबर). सर्जन तिथली खराब गादी काढतो, तिच्या जागी केज, म्हणजे पोकळ छोटा ठोकळा, बसवतो, केजच्या आत आणि आजूबाजूला हाडाचे तुकडे भरतो, हे हाड तिथलंच काढलेलं असतं नाहीतर कंबरेच्या बाजूच्या हाडातून घेतलेलं, कधी बोन बँकेचं. मग वरच्या-खालच्या मणक्यात स्क्रू आणि त्यांना जोडणारे दोन रॉड. त्या दिवशी जुळत काहीच नाही, जुळायची सोय होते फक्त. स्क्रू-रॉड म्हणजे स्लॅबखालची सेंट्रिंग धरा, स्लॅब म्हणजे ते हाड. फरक एवढाच की इथं सेंट्रिंग नंतर काढत नाहीत, आत राहू देतात, आणि म्हणूनच लोकांना वाटतं की तीच छत धरून आहे. टायटॅनियम कितीही भारी असलं तरी रोज हजारो वेळा ताण पडून थकतं. हाड वेळेत जुळलं नाही तर स्क्रू ढिला पडतो किंवा रॉड तुटतो, कोणाचा वर्षाने, कोणाचा दोन-तीन वर्षांनी.

बाकी हे ऑपरेशन काही काल-परवाचं नाही. १९११ मध्ये न्यूयॉर्कात हिब्स आणि अल्बी या दोन सर्जननी आपापल्या पद्धतीने मणके जोडले होते, तेही स्क्रू-बिक्रू काही नसताना. मणक्याच्या टीबीसाठी तेव्हा ते जास्त करायचे, आणि आपल्याकडे टीबीसाठी फ्युजन आजही होतंच. त्यात एकेटीच्या, म्हणजे टीबीच्या, गोळ्यांचा कोर्स मधेच सोडला तर स्क्रू काय करणार बिचारे.

आता किती दिवस लागतात? सहा आठवड्यांच्या फोटोत जुळलंय का हे कोणी विचारू नये, कारण तेव्हा बघायचं असतं ते स्क्रू, केज आणि मणक्यांची ओळ ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी होती तशीच आहे का एवढंच. तीन महिन्यांच्या आसपास भरलेल्या हाडाचा धूसरपणा कमी होऊन ते जरा भरीव दिसायला लागतं. सहा महिन्यांनंतर वरच्या मणक्यापासून खालच्यापर्यंत सलग पूल झालाय का हे शोधण्यात अर्थ आहे. एक वर्ष हा साधारण निकालाचा टप्पा, त्याआधी जुळलं नाही असा शिक्का सहसा मारत नाहीत, आणि काही जणांचं हाड दीड-दोन वर्षांपर्यंत पक्कं होत राहतं. त्यामुळे चौथ्या महिन्यात शेजारच्याचं जुळलं आणि माझं नाही म्हणून झोप उडवून घेऊ नका. त्याचा एकच जोड असेल, तुमचे तीन असतील. जितके जोड जास्त तितकं जुळणं अवघड, आणि सगळ्यात खालचा एल ५-एस १ जरा हट्टीच असतो, कारण त्याच्यावर ताण जास्त.

दुखण्यावरून ओळखता येतं का, हे सगळ्यात जास्त विचारतात. थोडंफार. पण दुखत नाही म्हणजे जुळलं आणि दुखतंय म्हणजे जुळलं नाही, हे दोन्ही चूक. हाड न जुळलेले कित्येक लोक आरामात हिंडतात, सीटीत योगायोगाने सापडतं. आणि हाड दगडासारखं जुळलेलं असूनही कंबर धरून बसणारेही आहेत, त्यांचं दुखणं मग वरच्या शेजारच्या गादीचं असतं, नाहीतर माकडहाडाच्या वर, कंबरेच्या तळाशी असलेल्या एसआय सांध्याचं, जुन्या दबलेल्या नसेचं किंवा नुसत्या आखडलेल्या स्नायूंचं. म्हणून दुखणं आहे-नाही यापेक्षा ते वागतं कसं ते बघा. न जुळलेल्या हाडाचं दुखणं बऱ्याचदा असं येतं: ऑपरेशननंतर चांगलं बरं वाटलं, काही महिने छान गेले, पट्टा सुटला, माणूस शेतात जायला लागला, आणि मग सहा महिने-वर्षाच्या आसपास ऑपरेशनच्याच जागी खोल दुखायला लागलं. उठताना, कुशीवर वळताना, ओझं घेताना वाढतं आणि आडवं पडलं की उतरतं. कधी आत काही तरी सरकल्यासारखं किंवा कट्ट वाजल्यासारखं होतं. हा पॅटर्न असेल तर सर्जनला नुसतं "दुखतं" म्हणू नका, कधीपासून, काय केल्यावर आणि कशाने थांबतं हे तीन वाक्यांत सांगा, त्याला त्यावरूनच पुढची तपासणी ठरवायची असते. गोळी खाऊन दुखणं दाबून ठेवलं असेल तर तेही सांगा, नाहीतर सगळं छान आहे असंच तो समजेल.

आता फोटोकडे येऊ, हा माझा प्रांत. पहिली गोष्ट म्हणजे ऑपरेशन झाल्याबरोबरचा पहिला एक्स-रे जपून ठेवा, पुढचं सगळं त्याच्याशी ताडून बघायचं असतं. नुसता आजचा फोटो बघून केज दोन मिलिमीटर खाली रुतलाय का हे कोणी सांगू शकत नाही, दोन फोटो शेजारी ठेवले की लगेच दिसतं. शक्यतो दर वेळी एकाच सेंटरला काढा आणि उभं राहून काढा, आडवं पडून काढलेल्यात मणक्यावर शरीराचा भार नसतो. आणि त्या प्लेटा पत्र्याच्या घरात खिडकीजवळ नाहीतर गाडीच्या काचेखाली ठेवू नका हो, आजकालच्या बऱ्याच फिल्म थर्मल असतात, आपल्या मे महिन्याच्या ४५ डिग्रीत काळ्या पडतात आणि मग त्या पहिल्या फोटोत बघायला उरतं काय. पीडीएफ किंवा सीडी मागून घ्या.

हाड जुळलंय का यासाठी साध्या दोन फोटोंसोबत वाकून काढायचे दोन असतात, एक पुढे वाकून, एक मागे. पहिल्या तीन महिन्यांत हे सहसा काढत नाहीत, सर्जनने लिहून दिलं असेल तरच. आणि इथंच निम्मी गडबड होते. पेशंट घाबरलेला असतो, पट्टा काढायला तयार नसतो, वाका म्हटलं तर गुडघे वाकवतो नाहीतर खुब्यातून पुढे झुकतो, कंबर आहे तिथंच. मग मणका हललाच नाही आणि फोटोत "हालचाल नाही" आली तर तिचा उपयोग काय? त्यामुळे पट्टा काढा (त्यात पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्या बरोबर स्क्रूवर येतात), आधाराला काही तरी धरा, हनुवटी छातीकडे नेत पाठ गोल करत जमेल तितकं पुढे जा, मग हात कंबरेवर ठेवून मागे. दुखायला लागलं की तिथंच थांबा, पण भीतीने आधीच थांबू नका, आणि दुखल्यामुळे थांबलात तर तसं टेक्निशियनला सांगा, तो लिहून ठेवेल. आणि करदोडा, कमरेचा काळा दोरा, ताईत, लुगड्याची सेफ्टी पिन, पायजम्याच्या खिशातली चुन्याची डबी, हे सगळं आधी काढा. चांदीचा करदोडा एल ४ वर आडवा आला की तिथला हाडाचा पूल दिसणार कसा. आमचे एक आबा करदोडा काढायलाच तयार नव्हते, लग्नानंतर कधी काढला नाही म्हणे, शेवटी आजीबाईंनी डोळे वटारले तेव्हा काढला.

या दोन फोटोंत बघतात काय, तर वाकल्यावर आणि मागे झुकल्यावर जोडलेल्या दोन मणक्यांमधला कोन बदलतो का आणि एक मणका दुसऱ्यावर सरकतो का. औषधं आणि इम्प्लांटना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने इम्प्लांटच्या चाचण्यांसाठी वापरलेला निकष असा की कोनाचा फरक ५ अंशांपेक्षा कमी, सरकणं ३ मिलिमीटरपेक्षा कमी, आणि सोबत हाडाचा पूल दिसायला हवा. काही सर्जन याहून कडक धरतात. पण यात एक मेख आहे, ती लक्षात ठेवा: स्क्रू अजून घट्ट असले तर हाड न जुळताही हालचाल शून्य दिसते. म्हणजे हालचाल दिसली तर जुळलं नाही हे बऱ्यापैकी पक्कं, पण हालचाल नाही दिसली म्हणून जुळलंच असं होत नाही.

साध्या फोटोत आणखी काही खुणा असतात. स्क्रूच्या भोवती काळी रेघ, तिला हॅलो म्हणतात, एक मिलिमीटरहून जाड आणि दर फोटोत वाढत जाणारी असेल तर स्क्रू ढिला होतोय. रॉड किंवा स्क्रू तुटलेला असेल तर बहुतेक वेळा आत हाड जुळलेलं नाही असंच धरून पुढे तपासतात. केज मागे सरकलेला किंवा मणक्यात खोल रुतलेला. याउलट केजच्या पुढच्या बाजूला हाडाचा सलग पांढरा पट्टा दिसला की आनंदाची बातमी. स्क्रू एकदम स्वच्छ, भोवती काही नाही, वर्ष उलटलं तरी तसेच, हीपण चांगलीच खूण, फक्त एवढ्यावर थांबू नये. आणि हो, बरेच जण फोटो उजेडात धरून म्हणतात केज टाकलाच नाही, पैसे घेतले फुकट. अहो तो पीक नावाच्या प्लास्टिकचा असेल तर एक्स-रेत दिसतच नाही, त्याच्या कडेला मुद्दाम धातूचे दोन-तीन ठिपके नाहीतर बारीक सुया बसवलेल्या असतात, तेवढ्याच दिसतात. ठिपके शोधा आणि मग भांडायला जा.

एक्स-रेत शंका राहिली की सीटी. एमआरआय नाही, सीटी. हा घोळ फार होतो, लोकांना वाटतं एमआरआय महाग म्हणजे सगळ्यात भारी. नस दबलीय का, गादी, पू, यासाठी एमआरआय, पण हाडाचा पूल बघायला सीटीच लागतो, धातूमुळे एमआरआयमध्ये नेमकं स्क्रूच्या आजूबाजूचंच चित्र बिघडतं. सीटीही साधा नको, बारीक कटचा, १ मिलिमीटरच्या आसपास, आणि उभ्या चिरेत बाजूने आणि समोरून अशी दोन्ही रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे कॉम्प्युटरने जुळवलेली चित्रं, हवीत. चिठ्ठीवर सर्जनने लिहिलं नसेल तर त्याला लिहायला लावा, "फ्युजन झालंय का बघायचं आहे, आत स्क्रू आहेत" एवढं सेंटरला सांगितलं तरी टेक्निशियन मेटलची सेटिंग लावतो. फिल्मवर चाळीस छोटे चौकोन छापून मिळतात त्यांच्यावर सर्जन भागवून घेत नाही, त्याला सीडी किंवा लिंक लागते, स्वतः चिरा वर-खाली करून बघायच्या असतात. बाई गरोदर असेल किंवा शंका असेल तर आधी सांगायचं, यात लाजायचं काही नाही.

सीटीत बघायचं एकच: केजच्या आतून किंवा बाजूने हाड वरच्या मणक्यातून खालच्या मणक्यात न तुटता गेलंय का. मधे आडवी काळी फट दिसत असेल, केजला टेकलेल्या मणक्याच्या कडेत बारीक पोकळ्या झाल्या असतील, स्क्रूभोवती काळं कडं असेल, तर जुळलेलं नाही. एका बाजूला जुळलं आणि दुसऱ्या बाजूला नाही असंही होतं, आणि बऱ्याचदा तेवढंही पुरतं. म्हणून रिपोर्ट घेताना सर्जनला किंवा रेडिओलॉजिस्टला सरळ विचारा: कोणत्या जोडाला हाडाचा सलग पूल दिसतोय, कोणत्या नाही, आणि मागच्या फोटोशी तुलना केली का? जोडाचं नाव घेऊन विचारलं की उत्तरही नेमकं येतं. शंभर टक्के खात्री फक्त पुन्हा उघडून बघितलं तरच, पण नुसतं बघायला कोणी पाठ उघडत नाही.

जुळायला उशीर कशाने होतो यावर थोडं सांगतो कारण तपासणीचा अर्थ त्यावरून लागतो. तंबाखू एक नंबर. निकोटीनने हाडाला होणारा रक्तपुरवठा कमी होतो, आणि बिडीतून आलं काय, गुटख्यातून आलं काय, निकोटीन ते निकोटीनच. गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे, किती बंद आहे ते टपरीवर उभं राहून बघा. पण खरा घोळ मिश्रीचा. बायकांना डॉक्टर विचारतात व्यसन काही? नाही म्हणतात, आणि ते खरंच मनापासून नाही असतं, कारण मिश्री म्हणजे दात घासणं. दिवसातून चार वेळा दात घासणं! घरातल्यांनी डॉक्टरला हे सांगायला हवं, सून असो की मुलगा. मग शुगर, एचबीए१सी (म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) वाढलेली असेल तर हाडही हळू आणि जखमेला इन्फेक्शनची भीतीही. पाळी गेलेल्या बायांचं हाड ठिसूळ असेल तर स्क्रूच धरत नाही, हाडाचा भरीवपणा मोजणारी डेक्सा तपासणी करून औषध घ्यावं. व्हिटॅमिन डी, एवढं ऊन असून आपल्या लोकांचं कमीच निघतं. स्टेरॉईडच्या गोळ्या. आणि मेडिकलवरून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या सुरुवातीच्या आठवड्यांत भारंभार खाल्ल्या तर हाड धरायला अडथळा होऊ शकतो, त्या सर्जनला विचारूनच.

आणि कंबर लचकली म्हणून पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेणारे आपल्याकडे अजून आहेत. साध्या उसणीचं तुमचं तुम्ही बघा, पण स्क्रू टाकलेल्या पाठीवर कोणाचाही पाय पडू देऊ नका, चोळणारा नको, हाडवैद्य नको. वीसेक किलोचा केळीचा घड खांद्यावर घ्यायचा की नाही, पाण्याचा हंडा उचलायचा की नाही, फटफटीवर खड्ड्यातून जायचं की नाही, हे "आता बरं वाटतंय" यावर ठरवू नका, फोटो बघून सर्जन हो म्हणेल तेव्हा. चालणं मात्र बंद करायचं नाही, उलट ते लवकर सुरू केलेलं चांगलं.

काही गोष्टींसाठी फॉलोअपची तारीख बघत बसायचं नाही. लघवी अडली किंवा नकळत होतेय, शौचाचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पाय अचानक लुळा पडतोय, तर त्याच रात्री गाडी करून हॉस्पिटल. ताप, थंडी, टाक्यातून पाणी किंवा पू, रात्री झोपूनही न थांबणारं दुखणं, तर इन्फेक्शनची शंका, दुसऱ्या दिवशीच्या आत दाखवा. सीबीसी, ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या सांगतील, करा. हाड न जुळण्यामागे बारीक इन्फेक्शन लपलेलं असू शकतं म्हणून दुसऱ्या ऑपरेशनचा विषय निघाला की या तपासण्या आधी होतातच.

आणि समजा वर्षाने सीटीत निघालं की नाही जुळलं, तर? त्रास काहीच नसेल, स्क्रू घट्ट असतील, तर बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवतात, सहा महिन्यांनी परत फोटो. मधल्या काळात तंबाखू-मिश्री बंद, शुगर आटोक्यात. त्रास असेल, स्क्रू ढिले असतील, रॉड तुटला असेल तर पुन्हा ऑपरेशन, त्यात जाड स्क्रू, नवीन हाड, कधी पोटाकडून केज. घाईने होकार देऊ नका, दुसऱ्या एखाद्या मणक्याच्या सर्जनला दाखवा, आणि जाताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका. ऑपरेशनची नोट, पहिला एक्स-रे, सगळ्या सीडी आणि डिस्चार्ज कार्डावर चिकटवलेला इम्प्लांटचा स्टिकर. हा स्टिकर लोक फाईलसकट हरवून बसतात. दुसऱ्या सर्जनला जुने स्क्रू काढायचे असतील तर त्या बनावटीला बसणारा ड्रायव्हर आधी मागवून ठेवावा लागतो, आणि कोणता ते त्या स्टिकरवरून कळतं. आजच त्याचा मोबाईलवर फोटो काढून घरातल्या दोन जणांना पाठवून ठेवा.